येळवशीची भज्जी आणि हातातली जत्रा

ताई, नमस्कार.

मी औसा तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ३६. घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. मालक चाकणला कंपनीत आहेत, महिना-दोन महिन्यांनी येतात. घरी सासूबाई, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा.

तीन वर्षांपूर्वी आमच्या दहावीच्या चाळीस मैत्रिणींचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. सतरा वर्षांनी एकमेकींचे आवाज ऐकले, त्या रात्री आम्ही सगळ्या रडलो. आता त्याच ग्रुपवर आरक्षणावरून रोज भांडणं. एकीनं एक व्हिडिओ टाकला, मी रागानं उत्तर लिहिलं आणि लहानपणापासूनच्या मैत्रिणीशी माझं बोलणं बंद झालं. रात्री लेकरं झोपली की रील बघत बसते, एक-दीड वाजतो. सकाळी डोळे जळजळतात, शिलाई वाकडी जाते. जावेचं पुण्यातल्या नव्या फ्लॅटचं स्टेटस बघितलं की दिवसभर जीव खाली-वर होतो. ब्लाऊजच्या डिझाइनचे फोटो टाकते, त्यावर गिऱ्हाईक येतं, पण कुणी कुणी बघितलं हे मी दहा-दहा वेळा उघडून बघते.

औंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात गेलो. कडब्याच्या कोपीची पूजा, आंबिलाचं बिंदगं (मडकं), शेंगा-भाज्यांची भज्जी, पंगत, सगळ्याचे व्हिडिओ काढले. सांजच्याला सासूबाई म्हणाल्या, 'औंदा भज्जी कशी झालती गं?' आणि ताई, मला चवच आठवेना. पोटभर जेवले होते. त्या दिवसापासून मन लागत नाही. दोनदा इन्स्टाग्राम काढून टाकलं, तिसऱ्या दिवशी परत घेतलं. सगळं बंदच करू का? की माझ्यातच काही खोट आहे?

तुमची एक वाचक

*

तुला 'तू' म्हणते. माझी सगळ्यात धाकटी बहीण तुझ्याहून थोडीच मोठी आहे आणि पत्र वाचताना तीच समोर बसल्यासारखं वाटलं.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तोच तुला आतून पोखरतोय. खोट तुझ्यात नाही. तू शिवणकाम करतेस. दोऱ्याचं रीळ संपतं. ते संपलं की मान वर होते, दिवा लागलाय की नाही, दूध उतू जातंय का, याकडे लक्ष जातं. मोबाइलमधलं रील संपत नाही, आणि ते संपू नये म्हणून माणसांनी डोकं लावलेलं आहे. पूर्वी इंटरनेटवरचं पान खाली पोचलं की संपायचं, पुढचं हवं असेल तर बटण दाबावं लागायचं. बोटानं सरकवत राहिलं की नवं येतच राहील, ही रचना २००६ साली आझा रास्किन नावाच्या अमेरिकन माणसानं तयार केली. पुढं त्यानंच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. आपल्याकडं २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि थोड्याच दिवसांत, जुलैमध्येच, इन्स्टाग्रामनं रील भारतात आणलं. दुकान बदललं, माल तोच.

आणि बोट थांबत का नाही? तू मराठवाड्यातली आहेस, बोअर पडताना पाहिलं असशील. दोनशे फूट झाले, नुसता फुफाटा. गाडीवाला म्हणतो, अजून पन्नास फूट जाऊ. माणूस पैशाचा हिशोब विसरतो, कारण पुढच्याच पाइपाला पाणी लागेल असं वाटत असतं. कधी कधी लागतंही, म्हणून तर आशा सुटत नाही. नऊ रील फुफाट्याची आणि दहावं एखादं असं येतं की तू खुदकन हसतेस किंवा गळा भरून येतो. ते दहावं नेमकं कितवं असेल हे कळत नाही, म्हणून आपण पाइपावर पाइप उतरवत जातो. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं उंदीर आणि कबुतरांवर हे फार पूर्वी दाखवून दिलं होतं: दर वेळी दाणा मिळाला तर प्राणी पोट भरल्यावर थांबतो, कधी मिळेल ते ठाऊक नसेल तर टोच मारतच राहतो. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच कंपनीचे आहेत आणि तिची जवळजवळ सगळी कमाई जाहिरातींची आहे. तू जागी राहिलीस तर तिचा धंदा होतो. एवढ्या मोठ्या यंत्रणेपुढं तू तिसऱ्या दिवशी हरलीस म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस.

आता 'सगळं बंदच करू का?' माझं मत स्पष्ट आहे: नको.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं शिकवलं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या भरायच्या, आणि वर्गातली अर्धी लेकरं एक तर आईबापाबरोबर जायची, नाहीतर आजीपाशी राहायची. पूर्वी उन्हाळ्यापर्यंत आईचा आवाज नाही. मग मोबाइल आला. संध्याकाळी आजीच्या हातातल्या त्या लहानशा काचेवर आई दिसली की पोरगी दिवसभराचं सगळं एका दमात सांगायची. ते मी पाहिलंय, त्यामुळे मोबाइलला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि तुमच्या मैत्रिणींचा ग्रुप! मुलांची दहावीची दोस्ती गावातल्या पारावर टिकून राहते. मुलीचं लग्न झालं की गाव बदलतं, आडनाव बदलतं, पुष्कळदा नावसुद्धा बदलतं, आणि जिच्याबरोबर डबा खाल्ला ती कुठं नांदते तेही कळत नाही. सतरा वर्षांनी तुम्हाला तुम्ही सापडलात. ही लहान गोष्ट नाही आणि ती सोडून द्यावी असं मी तुला कधीच सांगणार नाही.

पण त्या मोबाइलमध्ये माणसंही आहेत आणि गर्दीही आहे. तुझं सगळं दुखणं, मला वाटतं, या दोघांची सरमिसळ झाल्याचं आहे.

माळेगावच्या खंडोबाची जत्रा मार्गशीर्षात भरते. माणूस वर्षातून एकदा जातो, घोडे-उंट बघतो, लेकराला फुगा घेतो, धुळीनं माखून घरी येतो, आणि चार-पाच दिवसांत जत्रा उठते. रोज रात्री साडेदहाला ती तुझ्या उशाशी भरली तर? तिथं ओळखीचं माणूस हरवणारच. तुझी मैत्रीण त्या गर्दीतच हरवली आहे. नवऱ्याचा फोन, गिऱ्हाइकाचं माप, शाळेची सूचना, मैत्रिणीची खुशाली ही माणसं. अनोळखी बायकांची स्वयंपाकघरं, कुणाच्या तरी सासू-सुनेचं नाटक, ओरडणारे व्हिडिओ ही गर्दी. माणसं ठेव. गर्दीचं दार लावायचं आहे.

मैत्रिणीचं आधी बोलू, कारण ते सगळ्यात घाईचं आहे.

आरक्षणाबद्दल माझं मत तू विचारलेलं नाहीस आणि इथं मी ते सांगणारही नाही. प्रश्न खरा आहे. ज्या घरात लेकराची फी, नोकरी, जमिनीचे तुकडे याची रोज चिंता आहे, त्या घराला तो जाळतो, मग ते घर कोणत्याही बाजूचं असो. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यांमध्ये एकमेकांच्या दुकानात न जाण्यापर्यंत गोष्टी गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि झोप उडाली. म्हणूनच सांगते, हा प्रश्न ग्रुपवर बोलायचा नाही. समोरासमोर बसून तुझी मैत्रीण तुला ते वाक्य बोलली असती, तर तुझा चेहरा पडलेला बघून तिनं अर्ध्यातच जीभ चावली असती. ग्रुपवर चेहरा दिसत नाही. दिसतात फक्त चाळीस जणींच्या नजरा, आणि त्या नजरांसमोर माघार घेणं कुणालाच जमत नाही. तू तिला उत्तर दिलं नाहीस, चाळीस जणींना दिलंस. तिनंही तेच केलं.

तो व्हिडिओ कुठून आला, खरा होता का, कधीचा होता, हे तिनं पाहिलं नसणार. तू तरी पाहिलंस का? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना 'मुलं पळवणारी टोळी' समजून जमावानं ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले होते, मंगळवेढ्याकडचे. आधी कित्येक दिवस मोबाइलवर त्या अफवा फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाठवणाऱ्या हजारो हातांपैकी कुणालाही आपण कुणाचा जीव घेतोय असं वाटलं नव्हतं. पुढं पाठवायला बोट उचललं की ही पाच माणसं आठव.

मैत्रिणीला मेसेज करू नकोस. फोन कर, आणि जमलं तर सरळ एसटीनं तिच्या घरी जा. वादाचा विषय काढू नकोस, 'मी चुकले, तू चुकलीस' हेही नको. तिच्या लेकरांचं विचार, सासरच्या माणसांचं विचार, तिच्या आईचा गुडघा कसा आहे ते विचार. पहिली दहा मिनिटं जड जातील. ती रागानं बोलली तर ऐकून घे, उठून येऊ नकोस. सतरा वर्षांनी सापडलेलं माणूस एका व्हिडिओपायी घालवणं परवडणारं नाही. ग्रुपचं म्हणशील, तर तो महिनाभर म्यूट करून ठेव. नकोच वाटला तर बाहेर पड. २०२२ पासून ग्रुप सोडला की तसा निरोप फक्त ॲडमिनला जातो, चाळीस जणींना नाही. मग तुम्ही जिवाभावाच्या चौघी-पाचजणींचा वेगळा छोटा ग्रुप करा. तिथं पहिल्या दिवशीच ठरवून टाका: दुसऱ्या कुणाचा व्हिडिओ इथं यायचा नाही, जे यायचं ते आपलं स्वतःचं.

जावेचं स्टेटस. त्यावर दाबून धरलंस की म्यूट करता येतं, तिला कळत नाही. लगेच कर. तिच्या फ्लॅटचा हप्ता स्टेटसवर दिसत नाही, तिची एकटी दुपार दिसत नाही. तिला दिवाळीला भेटशील तेव्हा 'घर छान आहे हो' असं मनापासून म्हणता येईल, कारण तोपर्यंत मनात काही साचलेलं नसेल.

गिऱ्हाइकासाठी व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप घे, दुसऱ्या नंबरवर. डिझाइनचे फोटो तिकडं टाक, आणि सकाळी अकरा, संध्याकाळी सहा या दोनच वेळी ते उघडायचं असं ठरव. 'कुणी बघितलं' ही यादी बंदही करता येते: सेटिंगमध्ये निळ्या टिकांची सोय बंद केली की तुझं स्टेटस कुणी पाहिलं हे तुलाही दिसत नाही. ज्या बाईला ब्लाऊज शिवायचा आहे ती फोन करते, दारात येते. बघून गेलेल्यांची नावं मोजून एक हूकसुद्धा लागत नाही.

आता रात्रीचं. इथं मला जरा थांबायचं आहे.

पहाटे उठल्यापासून तू कुणाची तरी असतेस. सासूबाईंचा चहा, लेकरांचे डबे, गिऱ्हाईक, पाणी, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, नवऱ्याचा फोन. रात्री साडेदहाला घर झोपतं तेव्हा पहिल्यांदा तुला तू मिळतेस. तेवढीच वेळ तुझी, आणि ती झोपेत घालवायला मन तयार होत नाही. म्हणून तू जागतेस. मी 'दहाला मोबाइल बंद कर' असं नुसतं सांगितलं तर तुझ्याकडची ती एकुलती एक वेळही काढून घेतल्यासारखं होईल, आणि तू तिसऱ्या दिवशी परत तिथंच असशील. इन्स्टाग्राम काढून टाकल्यावर दोन्ही वेळा हेच झालं असणार. ॲप गेलं, पण त्या जागी काही आलं नाही.

म्हणून आधी ती वेळ दिवसा मिळव. संध्याकाळी पाच ते साडेपाच मशीन बंद. सासूबाईंना आणि लेकरांना सांगून टाक की हा माझा अर्धा तास आहे. ओट्यावर बस, शेजारणीशी बोल, गावच्या वाचनालयातून आणलेलं काही वाच, नुसतं आभाळ बघ. पहिले काही दिवस अपराध्यासारखं वाटेल, कारण आपल्याकडं रिकामं बसलेल्या बाईकडं कुणी चांगल्या नजरेनं बघत नाही. तरी बस. एकदा हा अर्धा तास रुजला की रात्रीचा हट्ट आपोआप सैल पडतो. मग मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून झोपायचं आणि उशाशी गजराचं साधं घड्याळ ठेवायचं, म्हणजे 'गजरासाठी लागतो' हे कारण उरत नाही. नवऱ्याच्या फोनची वेळ साडेनऊची ठरवून घ्या, आणि त्या वेळी दोघांनीही दुसरं काही बघायचं नाही.

हे सगळं एकाच दिवशी करू नकोस. पहिल्या आठवड्यात काहीच बंद करायचं नाही, फक्त मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं: मोबाइल किती वाजता उचलला, कशासाठी उचलला आणि ठेवताना मन कसं होतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १४३ विद्यार्थ्यांपैकी काहींना तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला दहाच मिनिटं वापरायला सांगितलं, बाकीच्यांनी नेहमीसारखं वापरायचं. मर्यादा घातलेल्यांचं एकटेपण आणि उदासी कमी झाली. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांनी काहीच कमी केलं नाही, फक्त आपण किती वापरतो यावर नजर ठेवली, त्यांचीही घालमेल आणि 'आपलं काहीतरी राहून जाईल' ही भीती कमी झाली. वहीतल्या नोंदीत तेवढी ताकद आहे. आठव्या दिवशी ते पान वाचलंस की कोणतं दार लावायचं ते मला विचारावं लागणार नाही.

मुलीबद्दल तू एक ओळसुद्धा लिहिली नाहीस. नववीतली पोर आहे, आणि आईच्या उशाशी उजेड दिसतो तो तिलाही दिसतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ साली संध्याकाळी सात ते साडेआठ गावभर टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. सातला भोंगा वाजतो, लेकरं अभ्यासाला बसतात. गाव ऐकेल तेव्हा ऐकेल, तुमच्या घरापुरता भोंगा तू लाव. त्यात मुलीचा मोबाइल जाईल तसा तुझाही गेला पाहिजे. ती मध्येच 'आई, तू ऐकायलीस का?' असं म्हणते का, ते या आठवड्यात मोजून बघ.

एक माझं सांगते. माझे वडील एसटीत चालक होते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. सकाळी मदतीला गेलेल्यांत वडील होते. तुझ्याच तालुक्यातली गोष्ट, तुझ्या घरातल्या मोठ्यांना विचार. त्यांनी तिथं काय पाहिलं हे आम्हा भावंडांना कधीही सांगितलं नाही. २०१९ च्या पावसाळ्यात एके संध्याकाळी अंगणात बसलो असताना ते आपणहून म्हणाले, 'किल्लारीला त्या दिवशी एक म्हातारी भेटली होती...' मी तेव्हा एका ग्रुपवर कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहीत होते. मान खाली ठेवूनच 'हं, हं' म्हणत राहिले. थोड्या वेळानं मान वर केली तर ते गप्प होते. मी विचारलं, 'मग काय झालं?' म्हणाले, 'काही नाही, जाऊ दे.' पुढच्या हिवाळ्यात ते गेले. ती म्हातारी कोण होती, त्यांना काय म्हणाली, हे आता मला कुणीही सांगू शकणार नाही. शुभेच्छा कुणाला दिल्या होत्या तेही आठवत नाही.

सासूबाईंनी तुला भज्जीबद्दल विचारलं, तेव्हा त्या चवीचंच विचारत होत्या असं मला वाटत नाही. शेंगा सोलण्यापासून बेसन लावण्यापर्यंत त्यांचे हात त्या पातेल्यात होते आणि तू समोर बसून जेवली होतीस. आज रात्री त्यांच्यापाशी जा आणि खरं काय ते सांग: 'आत्या, माझं ध्यान मोबाइलात होतं, मला चव कळलीच नाही.' रागावतील, रागावू दे. मग विचार, भज्जीत औंदा काय काय टाकलं होतं, त्यांच्या सासूबाई काय टाकायच्या, आणि त्यांच्या माहेरी आंबील कशी आंबवायचे. वही-पेन घेऊन बस आणि त्या सांगतील तसं लिहून काढ. शेवटच्या पानावर तुझा मोबाइलचा हिशोब असेल, तर हे पहिल्या पानावर लिही.

आणि मैत्रिणीकडं जाऊन आलीस की मला कळव. पोस्टकार्ड पाठवलंस तरी चालेल.

तुझी,
ताई